बापाच्या हातची एक ओळ

तुराब-अका मयताला जातात ते पुस्तकांसाठी, असं आमच्या मोहल्ल्यात सगळे म्हणायचे, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. आमच्या उझबेकी कोकंदमध्ये कुणी वाचणारा म्हातारा गेला की दारात कमरेला रुमाल बांधून उभ्या राहिलेल्या पुरुषांत हे हमखास दिसायचे. रडायचेही मनापासून. दुखवट्याचा पुलाव होऊन जायचा, थोडे दिवस उलटायचे, आणि मग एक दिवस हे त्या घरी हजर. "कपाटातल्या जुन्या पुस्तकांचं काय ठरवलंत?" असं चहाचा पेला हातात धरून हळूच विचारायचे. एका सुनेनं तर त्यांना तोंडावर सुनावलं होतं, "अजून कबरीवरची माती सुकली नाही, मास्तर! तुम्हाला झोप तरी कशी लागते?"

त्यांना सगळी पुस्तकं नको असायची. लेखकानं स्वतःच्या हातानं काहीतरी लिहून मित्राला भेट दिलेली, तेवढीच हवी असायची. आम्ही त्याला दस्तखत म्हणतो, पण ती नुसती सही नसते. पहिल्या कोऱ्या पानावरच्या दोन-चार ओळी, त्या दोघांनाच कळतील अशा. एका पुस्तकावर होतं, "हकीमला, जो माझे रबरी जोडे घेऊन गेला आणि एकच परत आणला. हे पुस्तकही अर्धंच परत येईल हे मी धरून चाललो आहे." दुसऱ्या एकावर होतं, "ज्याच्या घरचा चहा नसता तर हे पुस्तक वर्षभर आधी पुरं झालं असतं, त्या आळशाला." तुराब-अका अशी ओळ मोठ्यानं वाचायचे आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांची बायको करामत कपाळाला हात लावायची. "दुसऱ्यानं तिसऱ्याला लिहिलेलं वाचून हा माणूस हसतो, मुअत्तर. मी विनोद केला तर विचारतो, मीठ संपलंय का?"

मुअत्तर म्हणजे मी. त्यांच्याच शाळेत मी गणित शिकवायचे, ते रसायन. माझ्याहून मोठे म्हणून मी त्यांना अका, म्हणजे दादा, म्हणायचे आणि त्याच हक्कानं भांडायचे. माझा स्वभाव सरळ बोलण्याचा आहे. लोक त्याला तिरसट म्हणतात. पुस्तकांच्या नादाबद्दल मी त्यांची चिक्कार थट्टा केली आहे. पण ते नेमकं काय शोधताहेत हे मला माहीत होतं, त्यामुळे माझी थट्टा एका ठिकाणी येऊन थांबायची.

त्यांचे वडील सिद्दीक हे लिहिणारे होते. एकच पुस्तक, तेही पातळसं, गमतीच्या गोष्टींचं. वर गाढवाचं चित्र. जुन्या अरबी अक्षरांत छापलेलं. त्या काळी आमच्या गावात लिहिणाऱ्यांची एक टोळीच होती. एकमेकांना पुस्तकं द्यायची, पहिल्या पानावर टोमणे मारायचे आणि रात्रभर चहा ढोसायचा, एवढाच त्यांचा उद्योग. सदतीस साली सोव्हिएत पोलिसांनी सिद्दीकसकट त्यांच्यातल्या बहुतेकांना उचलून नेलं आणि कुणीही परत आलं नाही. मग घराघरात तंदूर पेटले. ज्यांना पुस्तक जाळवलं नाही त्यांनी निदान पहिलं पान फाडलं, कारण त्या पानावर दोन नावं असत, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. एक पकडला गेला की दुसऱ्याच्या मैत्रीचा लेखी पुरावा तयार.

तुराब-अका तेव्हा दोन वर्षांचे होते. त्यांच्या आईनं घरातला कागद न् कागद तंदुरात घातला. फोटोही घातला. बापाच्या हातचं एक अक्षर घरात उरलं नाही. पण पुढे म्हातारपणी, भीती जरा कमी झाल्यावर, तिनं मुलाला एक गोष्ट सांगितली. छापखान्यातून पुस्तकं आली त्या दिवशी सिद्दीक अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसला आणि पहिली प्रत आपल्या जिवलग दोस्तासाठी, खरबुजं पिकवणाऱ्या एर्गशसाठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता इतका हसला की दौत लवंडली आणि शेजारच्या प्रतींवरही शाई सांडली. मग त्यानं ती ओळ बायकोला वाचून दाखवली आणि तीही पोट धरून हसली. ओळ काय होती? ते तिला आठवेना. विसरण्यासाठी तिनं तेव्हा जिवाचा एवढा आटापिटा केला होता की नंतर आठवू म्हटलं तरी आठवेना. हसणं तेवढं आठवत होतं.

"बाप दिसायचा कसा ते नाही कळलं तरी चालेल, मुअत्तर," तुराब-अका मला म्हणायचे. "तो कशाला हसायचा, तेवढं कळू दे."

यासाठी त्यांनी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या इमामाकडून चोरून जुनी लिपी शिकून घेतली. मर्गिलानला कुणाची भिंत पाडताना वडिलांच्या पुस्तकाची एक प्रत मिळाली, ती त्यांनी मिळवली. त्यातल्या गोष्टी त्यांना तोंडपाठ झाल्या. पण पहिलं पान कोरं होतं. मग त्यांना वाटलं, त्या टोळीतल्या कुणीतरी कुणाला तरी लिहिलेल्या ओळींत आपल्या बापाचा धागा सापडेल. असं करत करत दुसऱ्यांच्या दस्तखतांनी घर भरलं. शाळेतले तरुण मास्तर त्यांना "मयताचे मास्तर" म्हणायचे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लिपी दोनदा बदलली. आज्यांची अक्षरं आयांना वाचता येईनात आणि आयांची लेकरांना. त्यामुळे आमच्या लोकांना जुन्या अक्षरांतला हातानं लिहिलेला कागद दिसला की ते तो आधी डोळ्यांना लावतात. लोणच्याची कृती का असेना, अक्षरं कुराणाची म्हणजे कागद पवित्र. मी यावर वर्गात चिडून बोलायचे. मुलं ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन तेच करायची.

सोव्हिएत राज्य जाऊन आम्ही स्वतंत्र झालो, त्यानंतर चार-पाच वर्षांनी, जर्दाळू फुललेले असताना, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिचं माहेर यायपानच्या पलीकडच्या एका खेड्यात. बोलता बोलता म्हणाली, "आपा, आमच्या गावात एक पवित्र किताब आहे. तिच्या पहिल्या पानाचा तुकडा पाण्यात विरघळवून प्यायला की ताप उतरतो. वर गाढवाचं चित्र आहे."

"गाढवाचं?" मी हसले.

"ईसा पैगंबरांचं गाढव, आपा. हसू नका."

हसू माझ्या ओठांवरच थिजलं. मी चप्पल घातली आणि शेजारी तुराब-अकांच्या घरात गेले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बसनं त्या गावी गेलो. तुराब-अकांनी नवा कोट घातला होता. घर एर्गशचंच निघालं. एर्गश युद्धात गेलेला. आता घरात त्याची सून सनोबर-खाला, सत्तरीची, कडक. तिचा नातू आणि नातसून ओयदिन. ओयदिन पोटुशी होती. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती, हे तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. पाय ठेवतानासुद्धा ती जणू जमिनीची परवानगी मागत होती.

सनोबर-खालानं नमाजाआधी करतात तशी हात-तोंड धुऊन वजू केली आणि कोनाड्यातून गाठोडं काढलं. एकावर एक कापडं उलगडत गेली आणि गाढव बाहेर आलं. ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा सासरा नव्हताच. सासू सांगायची, सदतीस साली सगळ्या गावानं किताबी जाळल्या, पण यानं ही मडक्यात घालून खरबुजांच्या मळ्यात पुरली. म्हणायचा, मेलो तरी यातलं पान फाडणार नाही."

तुराब-अका पुढे सरकले. "पान फाडलं नाही? पहिलं पान?"

"नाही फाडलं. तेच तर सगळ्यांत जोरकस, हातानं लिहिलेलं."

त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या पानाच्या जागी शिवणीपाशी बोटभर कापलेली कड होती, बाकी काही नव्हतं.

"तापाला नखाएवढं पुरायचं," खाला अभिमानानं सांगत होती. "गोवर आला तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं. माझी चारही पोरं याच्यावर वाढली. मी कधी कुणाला नाही म्हटलं नाही हो, अल्लाच्या नावानं दिलं." भीतीच्या दिवसांत जे पान एका शेतकऱ्यानं जीव धोक्यात घालून वाचवलं, ते त्याच्याच घरच्यांनी प्रेमानं पिऊन टाकलं होतं. मला किंचाळावंसं वाटलं.

"सगळं संपलं?" तुराब-अकांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"एक पट्टी आहे शेवटची. हिच्या गळ्यात." खालानं ओयदिनकडे बोट केलं. कातड्यात शिवलेला छोटासा तिकोनी ताईत होता. ओयदिननं तो लगेच मुठीत धरला.

"खाला," ते म्हणाले, "हे पुस्तक माझ्या वडिलांनी लिहिलं आहे. ते त्यांच्या हातचं पान होतं."

झालं. खाला उठून उभी राहिली, तिनं त्यांच्या कोटाची बाही डोळ्यांना लावली. अवलियाचा मुलगा दारी आला! नातवाला मेंढी कापायला पाठवत होती, मी कसंबसं थांबवलं. शेजारणी जमल्या. कुणीतरी पाण्याचं भांडं पुढे केलं, "फुंकर मारा, मास्तर." तीस वर्षं पोरांना पाणी कशाचं बनतं ते शिकवणारा माणूस त्या भांड्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घालून फुंकर मारली.

ताईत बघायला द्या, एवढंच त्यांनी मागितलं. खालाचा जीव वर-खाली झाला. "आत्ता टाका उसवला तर त्याची ताकद जाईल, बाबा. हिला सातवा आहे. मूल होऊ दे, चाळीस दिवस पार पडू देत. मी स्वतः आणून तुमच्या हातात ठेवीन, कुराणाची शपथ."

गल्लीत आल्याबरोबर मी त्यांना धरलं. "सांगून का नाही टाकलंत? ती दुआ नाही, दोस्ताची थट्टा आहे, एवढं म्हटलं असतं तर आत्ता काढून दिला असता. त्यांना तरी काय करायचाय!"

"दिला असता," ते म्हणाले.

"मग?"

"तिचा हात बघितलास? कसा धरला होता तो? दोन महिने त्या पोरीनं कशाच्या जोरावर काढायचे, मुअत्तर?"

"आणि तुम्ही?"

"मी साठ वर्षं काढली. दोन महिन्यांनी काय होतंय?"

मला राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

ते दोन महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे असावेत. पट्टीवर किती शब्द असतील याचे ते अंदाज बांधायचे. "एर्गशला, ज्याची खरबुजं माझ्या गोष्टींहून गोड आहेत," असं असेल का? छे, एवढ्यानं दौत लवंडत नाही. "एर्गशला, जो माझ्या गोष्टीतल्या गाढवाला नमुना म्हणून बसला." हां, हे जमतंय! रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक, "मुअत्तर, ऐक, नवीन सुचलंय." करामत म्हणाली, "झोपेतही हसतो गं हा. आता मला भीती वाटायला लागली आहे." त्यांनी मयताला जाणं सोडलं. कपाटातल्या पुस्तकांना हातही लावत नव्हते. भाकरी समोर आल्यावर माणूस चणे कशाला खाईल, असं म्हणायचे.

तुती पिकून गेल्या आणि बातमी आली की ओयदिन बाळंत झाली. एवढंच कळलं. चाळीस दिवसांची वाट पाहायला हवी होती, पण त्यांना धीर कुठला? नुसतं भेटून येऊ, बाळाला बघून येऊ म्हणाले. हलवा घेतला, बाळाला कापड घेतलं, करामतनं ताज्या रोट्या बांधून दिल्या.

गल्लीच्या टोकाशी वळलो आणि मला दारात उभे असलेले पुरुष दिसले. कमरेला रुमाल बांधलेले. मी तुराब-अकांची बाही धरली. त्यांनी हलव्याचा पुडा कोटाच्या आत लपवला, खिशातला हातरुमाल काढून कमरेला धरला आणि त्या रांगेत जाऊन उभे राहिले. इतक्या मयतांना गेलेला माणूस. पाय आपोआप तिकडेच वळले.

मुलगा होता. एक रात्र जगला. रडला होता, म्हणून नाव ठेवलं, नमाज पढले आणि सकाळीच मातीत ठेवला. हे मला आत बायकांत कळलं. थोड्या वेळानं सनोबर-खालानं तुराब-अकांना पडवीत बोलावलं. ती एका दिवसात वाळून गेली होती.

"मी शब्द मोडला, बाबा," ती म्हणाली. "ताईत त्याच्या कफनात ठेवला. एवढासा जीव, एकटा कसा पाठवू?"

तुराब-अकांनी मान हलवली. "बरं केलंत, खाला." आणखी काय बोलणार होते? मेलेल्या बाळाच्या घरी बापाचा कागद मागायचा? त्यांचं तोंड मी बघितलं आणि नजर वळवली. त्यांच्या जन्माचं सगळं त्या सकाळी पुरलं गेलं होतं, आणि तिथे त्यावर रडण्याचा हक्कसुद्धा त्यांना नव्हता.

आम्ही उठलो तेव्हा आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. ओयदिन भिंतीला धरून उभी होती. बायका तिला मागे ओढत होत्या, पण ती हटेना.

"मास्तर, तुम्हाला ती अक्षरं येतात ना? काय लिहिलं होतं त्यात? कुठली आयत होती?" आवाज अगदी हळू होता. "आजी म्हणते, माझ्या हातून विटाळली. मी ताईत आंघोळीला काढून ठेवला होता एकदा. एकदाच. त्यानं गेला का तो?"

मी तुराब-अकांकडे बघून मान हलवली, नको, नको. पण ते तिच्याकडे बघत होते. मला वाटतं, त्यांना फक्त तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं होतं.

"तुझा काही दोष नाही, पोरी," ते म्हणाले. "ती आयत नव्हतीच. दुआही नव्हती. माझ्या वडिलांनी त्यांच्या दोस्ताला गमतीनं काहीतरी लिहिलं होतं. काय, ते मलाही माहीत नाही. हसत हसत लिहिलं होतं एवढंच माहीत आहे. तुझ्या हातून काही विटाळलं नाही."

मग तिनं विचारलं, "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घालायला घेतली.

"मागं आलात, पाण्यात फुंकलंत, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मूल आडवं आहे, आठव्यातच कोकंदच्या दवाखान्यात येऊन राहा. मी निघाले होते. गाठोडं बांधलं होतं. आजी म्हणाली, गळ्यात अवलियाचा हात आहे, त्याचा मुलगा स्वतः येऊन फुंकून गेला, आता दवाखाना कशाला." तिनं आवाज चढवलाच नाही. "तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी गेले असते, मास्तर."

सनोबर-खाला मटकन खाली बसली. ओयदिनचा नवरा उठला, कोनाड्यातून ते गाठोडं काढलं आणि न बघता तुराब-अकांच्या हातात कोंबलं. "घेऊन जा. पुन्हा येऊ नका."

परतीच्या बसमध्ये पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी कोटातला हलवा काढून माझ्या पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "अका, तुम्ही वाईट काही केलं नाहीत. तिच्यासाठीच गप्प बसलात." हे मी खरं तेच बोलत होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिच्यासाठी गप्प बसलो आणि तिच्यासाठीच बोललो." त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही, माझ्याजवळ नाही आणि करामतजवळही नाही.

ती पुस्तकं कपाटात तशीच राहिली. हसणं बंद झालं. करामत मुद्दाम एखादं पुस्तक त्यांच्या समोर उघडं ठेवायची, रबरी जोड्यांचं किंवा आळशाचं. ते मिटून बाजूला सारायचे. त्या हिवाळ्यात अंदिजानचा एक माणूस त्यांचं नाव विचारत आला. आजोबांच्या पेटीत एक जुनं पुस्तक सापडलं होतं, पहिल्या पानावर हातानं भरपूर लिहिलेलं. घरच्या बायका ते देवाचं समजून डोळ्यांना लावत होत्या. "कोकंदात तुमच्याशिवाय हे वाचणारं कुणी नाही म्हणतात," असं म्हणत त्यानं ते उघडून पुढे केलं. मी तिथेच चहा घेत बसले होते. पानावर दौत लवंडल्याचा डागसुद्धा मला लांबून दिसला. तुराब-अकांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं," ते म्हणाले. "मला ही अक्षरं वाचता येत नाहीत."